क्रूझ कुणाकडून बुक करायची? आधी कमिशन कुठे जातं ते बघा



मार्जिनवरचा व्हिडिओ टाकल्यावर आपल्या एका प्रेक्षकाचा फोन आला. ठाण्यात त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे. धाकटा भाऊ अमेरिकेत, न्यू जर्सीला. आई-बाबांच्या लग्नाला चाळीस वर्षं होतायत म्हणून दोघा भावांनी त्यांना अलास्काची क्रूझ घडवायची ठरवलीय. सिअ‍ॅटलहून निघायचं, सात रात्री, परत सिअ‍ॅटल. भाऊ म्हणतो कॉस्टकोवरून बुक करू, वर शॉप कार्ड मिळतं. हे म्हणतात आपल्या स्टेशनजवळच्या एजंटकडून करू, पंचवीस वर्षांची ओळख आहे. भाव दोन्हीकडे जवळपास सारखाच निघाला. "सर, तुम्हीच सांगा, कुठून करायची?"

मी त्यांना उलटा प्रश्न केला. "तुमच्या दुकानात तासभर नळ बघून, कुठला टिकेल ते तुमच्याकडून समजून घेऊन, शेवटी मोबाइलवर ऑर्डर करणारं गिऱ्हाईक आलं तर काय वाटतं?"

पलीकडे दोन क्षण शांतता. मग म्हणाले, "रोज एक तरी येतं असं."

म्हणून हा विषय आज घेतोय. क्रूझ तुम्ही आयुष्यात एकदा कराल, कदाचित करणारही नाही. पण "ओळखीच्या माणसाकडून घ्यायचं की मोठ्या दुकानातून" हा प्रश्न तुम्ही गिऱ्हाईक म्हणून रोज सोडवता आणि दुकानदार म्हणून रोज सोसता. क्रूझच्या धंद्यात तो फार स्वच्छ दिसतो, कारण तिथे माल एकच असतो आणि भावही जवळपास एकच.

भाव सारखाच का असतो?

क्रूझचं भाडं जहाजाची कंपनी ठरवते. एजंट असो, वेबसाइट असो की कॉस्टकोसारखं मोठं दुकान असो, त्याच जहाजाची तीच कॅबिन साधारण त्याच भावात मिळते. विकणाऱ्याला कंपनीकडून कमिशन मिळतं. साधारण दहा टक्क्यांपासून सुरू होतं, जास्त धंदा देणाऱ्याला वाढवून मिळतं. पण पोर्ट चार्जेस आणि कर यांवर कमिशन नसतं, ते फक्त मूळ भाड्यावर.

एक हिशेब मांडू. आकडे माझे, फक्त समजण्यासाठी. समजा दोघांचे मिळून ३,००,००० रुपये होतात. त्यात पोर्ट चार्जेस आणि कर ५०,०००. उरले २,५०,०००. त्यावर १२ टक्क्यांनी ३०,००० रुपये कमिशन.

आता हे तीस हजार तुम्ही द्यायचे आहातच. ते भाड्यात आधीच धरलेले आहेत. थेट कंपनीच्या साइटवर गेलात म्हणून भाडं तीस हजारांनी कमी होईल असं समजू नका. मग खरा प्रश्न एवढाच उरतो की ते तीस हजार तुमच्यासाठी कसे खर्च होणार. रिटेलर त्यातला काही भाग तुम्हाला परत देतो. एजंट त्यातून तुम्हाला वेळ देतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. ज्याला वेळेची गरज नाही, त्याने बिनदिक्कत रिटेलरकडून घ्यावं, त्यात काही वाईट वाटून घ्यायचं नाही. ज्याला वेळेची गरज आहे, त्याने एजंटकडे जावं आणि मग घासाघीस करू नये. दोन्ही हवं, म्हणजे तास एजंटचा आणि कार्ड रिटेलरचं, हे मात्र करू नका. तुम्ही दुकानदार असाल तर मुळीच नाही.

रिटेलरला परत देणं कसं परवडतं?

कॉस्टकोचं गणित आपल्या व्हिडिओत येऊन गेलंय, पण थोडक्यात सांगतो. तिथे खरेदी करायची तर वार्षिक फी भरून सभासद व्हावं लागतं. मालावर ते साधारण १४-१५ टक्क्यांच्या वर मार्जिन ठेवत नाहीत. नफ्याचा मोठा भाग सभासदांच्या फीमधून येतो. त्यामुळे त्यांना एकेका विक्रीवर कमवायची घाई नसते. सभासदाने पुढच्या वर्षी फी भरावी, एवढं त्यांना पुरतं. क्रूझ विकली, कमिशन आलं, त्यातलं काही शॉप कार्ड म्हणून सभासदाला दिलं. तो ते कार्ड घेऊन पुन्हा त्यांच्याच दुकानात येतो. वरच्या दर्जाच्या सभासदांना प्रवासाच्या खरेदीवर २ टक्के रिवॉर्डही मिळतो.

हा चोख व्यवहार आहे, यात फसवाफसवी नाही. न्यू जर्सीतला भाऊ तिथे दर महिन्याला तांदूळ, तेल, दूध आणतोच. त्याच्यासाठी ते कार्ड म्हणजे रोख पैसेच. त्याला नावं ठेवायचं कारण नाही.

मग एजंट टिकलाच कसा?

अमेरिकेत एके काळी एजंटचं पोट विमानाच्या तिकिटांवर भरायचं. १९९५ मध्ये डेल्टा एअरलाइन्सने कमिशनवर मर्यादा घातली, बाकीच्या कंपन्याही त्याच वाटेने गेल्या. २००२ मध्ये डेल्टाने नेहमीचं कमिशन बंदच केलं. पुष्कळ एजन्सी मिटल्या. ज्या राहिल्या त्यांनी काय केलं? जिथे माणसाला विचारावंसं वाटतं अशा गोष्टी विकायला घेतल्या. क्रूझ ही त्यातली एक. मुंबई-दिल्ली तिकिटात विचारण्यासारखं फारसं काही नसतं. क्रूझमध्ये कॅबिन कुठली, डेक कुठला, व्हिसा कुठकुठले, टिप्स धरून की वेगळ्या, जेवणाचं काय, असे दहा प्रश्न असतात.

जैन जेवण हवं तर आधी कळवावं लागतं. भाडं माणशी लिहिलेलं असतं, पण ते दोघं एका कॅबिनमध्ये आहेत असं धरून. एकटा माणूस गेला तर जवळपास दुप्पट पडू शकतं. टिप्स बऱ्याच जहाजांवर माणशी, रोजच्या हिशेबाने तुमच्या खात्यावर चढतात. वायफाय आणि दारू बहुतेक ठिकाणी वेगळी. जहाजावर डॉक्टर असतो, पण त्याचं बिल लागतं, म्हणून वयस्कर माणसांचा इन्शुरन्स नीट वाचून घ्यायचा.

हे सगळं वेबसाइटवर लिहिलेलं असतं. खोटं नाही. पण वाचायचं कुणी?

अलास्कात कॅनडा कुठून आला?

आता आपल्या ठाण्याच्या कुटुंबाकडे या. आई-बाबांकडे भारतीय पासपोर्ट, अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा. अलास्का अमेरिकेत, सिअ‍ॅटल अमेरिकेत. म्हणजे झालं काम, असं दोन्ही भावांना वाटत होतं.

अमेरिकेत १८८६ सालचा एक कायदा आहे. परदेशी झेंड्याखालच्या जहाजाला अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात नुसती प्रवासी वाहतूक करता येत नाही, मध्ये परदेशी बंदर घ्यावं लागतं. मोठी क्रूझ जहाजं बहुतेक बहामास, पनामा, बर्म्युडा अशा देशांत नोंदवलेली असतात. म्हणून सिअ‍ॅटलहून निघणारी अलास्काची जहाजं कॅनडाच्या एखाद्या बंदराला लागतात. बऱ्याचदा ते व्हिक्टोरिया असतं, आणि तेही संध्याकाळचे काही तास.

त्या काही तासांसाठी भारतीय पासपोर्टवाल्याला कॅनडाचा व्हिसा लागतो. त्यासाठी बायोमेट्रिक्स, मग वाट बघणं, मग पासपोर्ट जमा करणं, यात आठवडे जातात. तो नसेल तर सिअ‍ॅटलच्या धक्क्यावर बोर्डिंगच नाकारू शकतात. आणि प्रत्येक विकणाऱ्याच्या अटींत, मग तो कुणीही असो, "कागदपत्रांची जबाबदारी प्रवाशाची" हे वाक्य असतंच.

मी त्यांना म्हटलं, "एजंटला भेटा आणि फक्त एवढं विचारा की आई-बाबांना कुठले कुठले कागद लागतील. त्याने कॅनडाचं नाव स्वतःहून घेतलं तर त्याच्याकडे बुक करा. नाही घेतलं तर कॉस्टकोवरून घ्या, कार्ड खिशात टाका आणि व्हिसाचं काम दोघे भाऊ मिळून करा."

माझ्या मते चांगल्या एजंटची परीक्षा हीच. ओळख पंचवीस वर्षांची आहे, हे काही उत्तर नव्हे. जो नुसता तुमचं नाव आणि जन्मतारीख त्याच साइटवर टाइप करून देतो, त्याने तीस हजार कमावलेले नाहीत. ते त्याला सापडलेत.

माझीही एक चूक

मी स्वतः शहाणा होतो असं नाही. काही वर्षांपूर्वी घरच्यांना घेऊन सिंगापूरहून क्रूझला गेलो. सहा हजार वाचले म्हणून एका पोर्टलवर बुक केली. दोन कॅबिन घेतल्या, सगळ्यात स्वस्त "गॅरंटी" प्रकारातल्या. गॅरंटी म्हणजे कॅबिन नक्की मिळणार. कुठली, ते कंपनी ठरवणार. मला वाटलं दोन शेजारशेजारच्या मिळतील.

आई-वडिलांची कॅबिन निघाली जहाजाच्या एका टोकाला, आमची दुसऱ्या टोकाला, तीन डेक वर. वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. पोर्टलला फोन लावला तर रेकॉर्ड केलेला आवाज. जहाजाच्या कंपनीला लावला तर त्यांनी नम्रपणे सांगितलं, बुकिंग ज्यांच्याकडून केलंय त्यांच्याशी बोला. हे लक्षात ठेवा. मधल्या कुणाकडून बुक केलं की बदल साधारणपणे त्याच्यामार्फतच होतात. कंपनी तुमच्याशी परस्पर बोलत नाही.

चार रात्री वडील दर वेळी तो लांबलचक कॉरिडॉर चालले. तक्रार केली नाही, तेच जास्त लागलं. पोर्टलची चूक नव्हती. मी वेळ विकत घ्यायला हवा होता आणि सहा हजार वाचवत बसलो.

कधी कुणाकडे जायचं?

मुंबई-गोवा दोन-तीन रात्रींची क्रूझ आहे, तुम्ही दोघं किंवा मित्रमंडळी, सगळे धडधाकट. व्हिसा नाही, पासपोर्टची भानगड नाही. सरळ कंपनीकडून किंवा जिथे ऑफर मिळेल तिथून घ्या. एजंटचा वेळ घेऊ नका.

आधी एकदा क्रूझ केलीय, कुठली कॅबिन हवी ते माहीत आहे, अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये राहता. रिटेलरकडून घ्या. पण एक काम तुमच्याकडे येतं: भाव बघत राहणं. बऱ्याच अमेरिकन कंपन्यांत शेवटचा हप्ता भरण्याआधी त्याच कॅबिनचा भाव उतरला तर मागितल्यावर फरक मिळू शकतो. आठवड्याच्या सफरीला तो हप्ता साधारण तीन महिने आधी असतो. कुणी मागितलंच नाही तर मिळत नाही. चांगला एजंट तुमच्यासाठी मागतो.

वयस्कर आई-वडील, पहिलीच वेळ, तीन पिढ्यांचं कुटुंब, दोन-तीन देशांचे व्हिसा, एखाद्याला व्हीलचेअर. एजंटकडे जा. दुबईहून निघून दुसऱ्या देशाला लागून परत दुबईला येणाऱ्या क्रूझला सिंगल एन्ट्री व्हिसा चालत नाही. देश सोडला की तो व्हिसा संपला. असली गोष्ट धक्क्यावर कळून उपयोग नाही.

वीस-पंचवीस जणांचा ग्रुप असेल तरी एजंटच. ग्रुपचे दर आणि सवलती त्याला मागता येतात.

पैसे भरण्याआधी

पहिलं, कोटेशन लेखी घ्या. भाडं किती, पोर्ट चार्जेस किती, कर किती, टिप्स आत की बाहेर. भारतातून परदेशी टूर पॅकेज घेतलं तर १ ऑक्टोबर २०२० पासून टीसीएस लागतो. तो रिटर्न भरताना तुमच्या खात्यात धरला जातो, पण तोवर तुमचं खेळतं भांडवल अडकतं. त्याचे दर बजेटमध्ये बदलत आलेत, तेव्हा बुकिंगच्या दिवशीचा दर सीएला विचारा.

दुसरं, रद्द केलं तर किती कापणार, कुठल्या तारखेपर्यंत. कंपनीचे वेगळे आणि एजंटचे वेगळे असू शकतात. दोन्ही विचारा.

तिसरं, पैसे भरल्यावर जहाजाच्या कंपनीचा बुकिंग नंबर मागा आणि कंपनीच्या साइटवर तो तुमच्या नावाने दिसतोय का ते स्वतः बघा. एजंटच्या लेटरहेडवरची पावती म्हणजे बुकिंग नव्हे.

नाव मोठं आहे म्हणून हे सोडू नका. ब्रिटनमधली थॉमस कुक १८४१ पासूनची. २३ सप्टेंबर २०१९ ला ती बंद पडली. दीड लाखांहून जास्त ब्रिटिश प्रवासी बाहेर अडकले होते, सरकारी यंत्रणेने त्यांना विमानं पाठवून परत आणलं. (भारतातली थॉमस कुक ही वेगळी कंपनी, तिचा याच्याशी संबंध नव्हता.) आपल्याकडे भरलेल्या पैशाला तसं कवच असेल असं धरून चालू नका.

आणि आता आपल्या दुकानाकडे

त्या प्रेक्षकांचा चार दिवसांनी पुन्हा फोन आला. एजंटने दुसऱ्याच मिनिटाला विचारलं होतं, "पासपोर्ट भारतीय ना? मग कॅनडाचा व्हिसा आहे का?" पुढे हेही विचारलं की बाबांना जिने चढता येतात का, म्हणजे लिफ्टजवळची कॅबिन बघतो. परीक्षा पास.

"पण सर," ते म्हणाले, "व्हिसाच्या कामाचे तो वेगळे पैसे मागतोय. माणशी. मला जरा ते खटकलं. एवढ्या वर्षांची ओळख."

मी विचारलं, "तुम्ही कुठला नळ कुठे बसेल हे सांगायचे पैसे घेता?"

"छे, ते फुकटच. ते कसं मागणार?"

मंडळी, गोम इथे आहे. त्यांच्या दुकानातला सल्ला फुकट आहे म्हणून गिऱ्हाईक तो फुकट नेतं आणि माल दुसरीकडून घेतं. सल्ल्याला किंमत असते हे त्यांनी स्वतः कधी दाखवलंच नाही. आणि एक माणूस ती दाखवतोय तर त्याचाच त्यांना राग येतोय. एजंट बरोबर वागतोय. कमिशनमध्ये जे बसतं ते त्याने दिलं, जे बसत नाही त्याचे पैसे तोंडावर सांगितले. त्यातही लहान एजंट बऱ्याचदा मोठ्या होलसेलरमार्फत बुक करतो, म्हणजे ते सगळे तीस हजार त्याच्या हातात येत नाहीत.

डिस्काउंटमध्ये तुम्ही मोठ्या दुकानाला हरवू शकणार नाही. त्यांचं पोट दुसऱ्या गोष्टीवर भरतं, तुमचं त्याच मार्जिनवर. तेव्हा त्या मार्जिनमध्ये गिऱ्हाइकाला काय मिळतं ते बोलून दाखवा. घरी येऊन माप घेणं, जुना नळ काढून बसवून देणं, वर्षभरात गळला तर माणूस पाठवणं. बिलावर त्याच्या ओळी लिहा. काही ओळींपुढे रक्कम लिहा, काहींपुढे "मालासोबत" लिहा. नुसता सल्ला हवा असेल तर त्याचे दोनशे रुपये घ्या, माल घेतला तर ते बिलातून वजा करा. पहिले काही दिवस लाज वाटेल. दोन-चार जण उठून जातील. जे बसतील ते तुमचे.

आणि गिऱ्हाईक म्हणून समोरच्याचा वेळ घेतलात तर त्याची किंमत द्या. नको असेल तर सुरुवातीलाच सांगा, "मी ऑनलाइन घेणार आहे, फक्त विचारतोय." मग तो ठरवेल किती बोलायचं ते.

ठाण्याच्या त्या साहेबांनी व्हिसाची फी भरली. भावाला न्यू जर्सीत शॉप कार्ड मिळालं नाही, त्यावरून दोघांत थोडी बोलाचालीही झाली म्हणे. आई-बाबांचे पासपोर्ट सध्या व्हिसासाठी गेलेत. आणि दुकानाच्या काउंटरवर एक छोटी पाटी लागलीय, तिचा फोटो त्यांनी मला पाठवला: "सल्ला फी २०० रु. खरेदीवर वजा."

तुमच्या बिलात अशी कुठली ओळ आहे, जी तुम्ही रोज देता आणि कधीच लिहीत नाही? आज दुकान बंद करताना पाच मिनिटं बसा आणि ती वहीत लिहा. पुढच्या व्हिडिओत तिचा दर कसा काढायचा ते बघू.